पहिल्या पानावर कोण रडते?

कांदा महागला की आपल्या वर्तमानपत्राचे पहिले पान कसे दिसणार, हे आदल्या रात्रीच सांगता येते. ‘कांद्याने रडवले’. भाव तीन आकडी झाला असेल तर ‘कांद्याची शंभरी’. शेजारी फोटो: भाजीच्या गाडीपुढे उभी असलेली बाई, हातात पिशवी, कपाळावर आठी. 2019च्या डिसेंबरात किरकोळ बाजारात कांदा किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा हे पान आपण सगळ्यांनी पाहिले. रडले कोण, हे त्या मथळ्यात लिहिलेले नसते. फोटोतल्या बाईने ते आधीच ठरवून टाकलेले असते.

आता भाव पडतो तेव्हाचे पान आठवून पाहा. नाशिककडच्या वाचकाला आठवेल; मुंबई-पुण्याच्या वाचकाला बहुधा नाही, कारण त्याच्या आवृत्तीत ती बातमी आत, एका कॉलमात, बाजारभावाच्या कोष्टकाशेजारी असते. आणि तिथले क्रियापद ठरलेले: भाव ‘कोसळले’. पाऊस कोसळतो तसे, कुणाचा हात न लागता.

हात लागलेला असतो, आणि त्याला तारीखही असते. 2023च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले, 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. अशा निर्णयाला शहरातल्या पानावर ‘दिलासा’ म्हणतात आणि लासलगाव-पिंपळगावकडे ‘फटका’. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे. पण दोन आवृत्त्या एका घरात येत नाहीत, त्यामुळे एकाचा दिलासा दुसऱ्याच्या खिशातून निघाला आहे हे कुणाच्याच पहिल्या पानावर दिसत नाही.

त्याच डिसेंबरात चांदवडला शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. अशा बातमीचा साचाही पाठ आहे: ‘मुंबई-आग्रा महामार्ग ठप्प, वाहनांच्या रांगा’. मथळ्याचा नायक महामार्ग. शेतकरी तिसऱ्या परिच्छेदात भेटतो, तोवर वाचकाच्या मनात अडकलेल्या गाडीतल्या माणसाबद्दल कणव दाटलेली असते. फोटोग्राफरला दोष देण्यात अर्थ नाही. ट्रॉलीतून रस्त्यावर ओतलेला कांदा ‘दिसतो’; उत्पादन खर्च दिसत नाही.

क्वचित तोही दिसतो. फेब्रुवारी 2023मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा किलोला एक रुपया दराने विकला. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे आणि व्यापाऱ्याने त्याला 2 रुपयांचा धनादेश दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचा फोटो देशभर छापून आला. वर्षानुवर्षांच्या पडेल भावाला पहिल्या पानावर जागा मिळाली, ती त्याचा एक चमत्कारिक कागद हाती लागल्यावर. शेतकऱ्याला दोनऐवजी दोन हजार मिळाले असते तर तोटा तोट्याच्या जागीच राहिला असता, पण फोटो झाला नसता.

माझ्या मते खरी गंमत आकड्यात आहे. ग्राहकाचा भाव आपण किलोत छापतो, शेतकऱ्याचा क्विंटलमध्ये. ‘लासलगावला कांदा 4 हजारांवर’ असे वाचले की शहरातल्या माणसाला वाटते, शेतकऱ्याचे उखळ पांढरे झाले. तो भाव किलोला चाळीस रुपये, आणि बऱ्याचदा तो कमाल भाव, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्यात उत्तम मालाला बोलीत मिळालेला. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर करते. तेजीत मथळा कमाल भाव उचलतो, मंदीत किमान. सरासरी भाव, ज्याने बहुतेकांचा माल जातो, तो बिचारा कोष्टकातच राहतो. त्याच्यात खळबळ नाही ना!

‘साठेबाज’ हा शब्दही असाच सढळ हाताने वापरला जातो. 2019च्या सप्टेंबरात सरकारने साठ्यावर मर्यादा घातली ती व्यापाऱ्यांवर: किरकोळ विक्रेत्याला 100 क्विंटल, घाऊकवाल्याला 500. पण बातमीला जोडायला फोटो लागतो, आणि हाताशी असतो तो कांदा चाळीचा. चाळ म्हणजे शेतकऱ्याने उन्हाळ कांदा भरून ठेवायची जागा. एप्रिल-मेमध्ये निघालेला हा माल पावसाळाभर देशाला पुरतो, तोवर चाळीतला काही सडतो, काहीला कोंब येतात, वजन घटते ते वेगळेच. मथळ्यात ‘साठेबाजी’ आणि खाली चाळ, एवढ्यावर काम होते. कुठेही खोटे छापलेले नसते.

मधल्या माणसाचा फोटो मात्र कधी येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2024च्या अभ्यासानुसार ग्राहक कांद्यासाठी मोजतो त्या रुपयातले साधारण 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले 64 पैसे वाहतूक, हमाली, घट, आडत, नफा अशा वाटांनी जातात. या वाटांना चेहरा नाही, त्यामुळे पान बाई आणि शेतकरी या दोघांनाच समोरासमोर उभे करते.

एवढ्या रडारडीला सत्ताधारी घाबरतात. 1998च्या दिल्ली निवडणुकीतला पराभव कांद्याच्या नावावर जमा झाला तेव्हापासून ही भीती हाडात आहे. 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन एक टक्कासुद्धा नव्हते. पहिल्या पानावरचे त्याचे वजन त्याहून कितीतरी जास्त.

संपादकांना माझी विनंती साधी आहे. कांद्याची बातमी पहिल्या पानावर घ्याल, तेव्हा एक छोटी चौकट द्या: लासलगावचा आजचा सरासरी भाव आणि आपल्या शहरातला किरकोळ भाव, दोन्ही किलोत, शेजारी शेजारी. तेजीत द्या, तशीच मंदीतही द्या. मथळा मग तुम्हाला हवा तो करा.