झिजलेला अंगठा आणि राज्याचा शब्द

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या वनवासी गावात देशातील पहिले 'आधार' दिले गेले. सोहळा थाटात झाला. कायदा मात्र २०१६ साली आला. तोपर्यंत कोट्यवधी नागरिकांनी केवळ विश्वासापोटी बोटांचे ठसे राज्याच्या स्वाधीन केले. त्या विश्वासाची परतफेड कशी होत आहे?

बनावट शिधापत्रिका व मधले दलाल यांना चाप बसावा, हा हेतू राष्ट्रहिताचाच आहे. ऊठसूट विरोध करणाऱ्या पुरोगाम्यांची री ओढण्याचे कारण नाही. परंतु शेतात राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला यंत्र ओळखत नाही म्हणून रिकाम्या पिशवीनिशी परत पाठविणे, हे कोणत्या राष्ट्रवादात बसते? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आधार वैध ठरविताना, केवळ ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्तीचा लाभ हिरावू नये, असेही बजावले. बुबुळांची पडताळणी आहे, मोबाईलवरील सांकेतिक क्रमांक आहे. नाही ती गरिबाची वाट सोपी करण्याची इच्छा. दुसरीकडे लॉजच्या गल्ल्यावर आधारच्या छायाप्रतींचे गठ्ठे पडतात, त्याचे कोणालाच सोयरसुतक नाही!

दीनदयाळजींचा अंत्योदय यंत्राच्या हिरव्या दिव्यावर अवलंबून नव्हता. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील रेशन दुकानात धान्यवाटपाच्या दिवशी उभे राहावे. यंत्राने नाकारलेल्या प्रत्येकाला पर्यायी पडताळणी मिळेपर्यंत तेथून हलू नये.