यंत्रे आली, त्यांचे वैद्य कोठे आहेत?

खानदेशात विहिरीवरची मोटार जळाली तर शेतकरी हातपाय गाळून बसत नाही. चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावी तिचे वाइंडिंग पुन्हा भरून देणारे कारागीर आहेत. तांब्याची तार, बेअरिंग, कपॅसिटर हे सारे बाजारपेठेत मिळते आणि हंगामाच्या दिवसांत रात्र जागून मोटार चालू करून दिली जाते. त्याच तालुक्यातील एखाद्या रुग्णालयात नवजात अर्भकाला ऊब देणारे किंवा हृदयाचा आलेख काढणारे यंत्र बंद पडले, तर मात्र नाशिक-पुण्याहून माणूस येईपर्यंत वाट पाहण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. मोटार सोपी आणि वैद्यकीय यंत्र अवघड, एवढ्याने या तफावतीचा उलगडा होत नाही. मोटारीचे ज्ञान दोन पिढ्यांत तालुक्यात रुजले. वैद्यकीय यंत्रांचे ज्ञान अद्याप महानगरांची वेस ओलांडावयास तयार नाही, हे खरे कारण आहे.

ही वेस ओलांडण्याचे काम कोणी करावयाचे? शासनाने, असे उत्तर चटकन दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ज्या शास्त्राचा हा विषय आहे त्या जैवअभियांत्रिकीच्या व्यावसायिक संघटना जगभर आहेत आणि भारतातही आहेत. त्या काय करतात, त्यांचे नेतृत्व कोणाच्या हाती असते आणि तालुक्यातील नागरिकाने त्यांच्याकडून कशाची अपेक्षा करावी, याचा विचार मात्र मराठी वाचकांपुढे क्वचितच येतो.

संघटनांचा संसार

वैद्यकाचे प्रश्न अभियांत्रिकीच्या साधनांनी सोडविणारे शास्त्र म्हणजे जैवअभियांत्रिकी. कृत्रिम हृदयझडप, डायलिसिसचे यंत्र, क्ष-किरणांची प्रतिमा, कृत्रिम पाय ही सारी त्याचीच अपत्ये. या शास्त्राच्या अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५९ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला. दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञानात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते व्लादिमीर झ्वोरिकिन हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. अमेरिकेतील बायोमेडिकल इंजिनिअरिंग सोसायटी १९६८ मध्ये स्थापन झाली. भारतातील अशाच संस्थेने १९९५ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय सहकार्याने परिषद भरविली, तेव्हा ती तिची चौदावी परिषद होती. म्हणजे आपल्याकडे ही परंपरा अगदी कालची नव्हे.

परिषदा भरविणे, नियतकालिके चालविणे, अभ्यासक्रमांना आकार देणे, यंत्रांच्या सुरक्षिततेची मानके ठरविण्यास साहाय्य करणे, तरुण संशोधकांना पारितोषिके देणे ही या संस्थांची नेहमीची कामे होत. ती क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली आणि पुढे तिचा लाभ लाखाहून अधिक रुग्णांना झाला. मुंबईच्या आयआयटीत २०१४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीसाठी केंद्र सुरू झाले आणि नागपूर व पुणे येथील अभियांत्रिकी संस्था त्याला जोडल्या गेल्या. अशा कामांसाठी शल्यचिकित्सक, धातुशास्त्रज्ञ आणि अभियंता एका मेजाभोवती बसावे लागतात. त्यांना एकत्र बसण्याची सवय लावणे हीच व्यावसायिक संस्थेची पहिली उपयुक्तता.

परंतु शोध लागणे ही एक गोष्ट आणि लागलेला शोध तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे चालू राहणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी सत्कार होतात. दुसरीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

बाजारपेठ का अपुरी पडते?

अर्थशास्त्रात या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून तेथे केवळ किमतीच्या यंत्रणेवर विसंबून चालत नाही आणि ती उणीव भरून काढण्यासाठी व्यावसायिक नीती व संस्था यांची गरज लागते. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात जे अंतर असते, तेच यंत्राच्या बाबतीत डॉक्टर आणि विक्रेता यांच्यात असते. यंत्र कोणते घ्यावे, त्याचा सुटा भाग खरोखरच बदलावा लागेल की नुसती सफाई पुरेल, वार्षिक देखभालीचा करार वाजवी आहे की अवाच्या सव्वा, हे तालुक्यातील डॉक्टराने कोणाला विचारावे? आज तो विक्रेत्यालाच विचारतो. वादीनेच न्यायाधीश व्हावे, असा हा प्रकार आहे.

शासकीय अंदाजपत्रकाची रीतही येथे आड येते. यंत्राची खरेदी भांडवली खर्चात बसते, तिचा समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. देखभाल हा महसुली खर्च. त्याला ना फीत, ना कात्री. घसारा ही कल्पना वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो, पण सार्वजनिक व्यवहारात तिचा सर्वांना विसर पडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ च्या सुमारास देशातील सुमारे २९ हजार आरोग्यसंस्थांमधील साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची मोजदाद केली. त्यांची किंमत साडेचार हजार कोटी रुपयांच्या घरात होती आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. यांतील सर्वांत कमी प्रमाण सर्वत्र धरले, तरी जवळजवळ एक लाख यंत्रे निकामी पडून होती असा हिशेब निघतो.

त्यानंतर देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. जिल्हा रुग्णालयांतील यंत्रे ९५ टक्के, सामुदायिक केंद्रांतील ९० टक्के आणि प्राथमिक केंद्रांतील ८० टक्के वेळ चालू असावीत असे उद्दिष्ट ठेवून खाजगी कंपन्यांना कंत्राटे देण्याचा मार्ग राज्यांना दाखविण्यात आला. दिशा योग्यच होती. तथापि, यंत्र ९५ टक्के वेळ चालू होते हे ठरविणारा तज्ज्ञ कंत्राटदाराचाच नोकर असेल, तर त्या टक्केवारीला कितपत अर्थ उरतो?

भंडारा आणि औरंगाबाद

यात काय पणास लागलेले असते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिले. त्या वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. बालकांना ऊब देणाऱ्या यंत्रापाशी विजेचा बिघाड होऊन आग लागल्याचे चौकशीनंतर सांगण्यात आले. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, परिचारिकांवर गुन्हेही नोंदविले गेले. परंतु त्या यंत्राची शेवटची तपासणी कोणी व केव्हा करावयास हवी होती, ही जबाबदारी कोणत्या पात्रतेच्या माणसाची असते, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत फार काळ टिकला नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला विद्युत्‌मंडलाचे ज्ञान असावे अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. ते ज्यांचे काम, ती जागा आपल्या रुग्णालयांच्या रचनेत कित्येकदा रिकामीच असते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरांचा वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. यंत्रे सदोष आहेत, असे तेथील डॉक्टरांचे म्हणणे होते. ती चालविणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नाही, असे केंद्राच्या वतीने सांगितले जात होते. दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असे मत चार दिवसांत देणारी स्वतंत्र तज्ज्ञ संस्था मध्ये उभी असती, तर साथीच्या ऐन भरात न्यायालयाचा आणि रुग्णांचा वेळ वाचला असता. व्यावसायिक संघटनेचे खरे काम अशा प्रसंगी असते. एरवीच्या परिषदा या त्या कामाची तालीम होत.

परदेशांतही ही जाणीव आपोआप आलेली नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये राल्फ नेडर यांनी रुग्णालयांतील विजेच्या धक्क्यांनी वर्षाला सुमारे १२०० रुग्ण मरतात असा आरोप केला. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला. परंतु त्या गदारोळानंतर रुग्णालयांत अभियंते नेमण्याची प्रथा फोफावली आणि त्यांची पात्रता तपासून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी राहिली. जपानने तर १९८७ मध्ये कायदाच करून डायलिसिस, श्वसन व रक्ताभिसरण यांची यंत्रे हाताळणाऱ्या रुग्णालयीन अभियंत्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा व परवाना यांची तरतूद केली. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. म्हणजे उपकरणासाठी कायदा झाला. उपकरण सांभाळणाऱ्या माणसाला त्या तोडीची मान्यता मिळावयाची आहे.

नेतृत्व कोणाचे?

येथे संघटनांच्या नेतृत्वाचा प्रश्न येतो. अशा संस्थांचे पदाधिकारी बहुधा केंद्रीय संस्थांतील प्राध्यापक आणि मोठ्या रुग्णालयांतील विशेषज्ञ असतात. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्यापुढे यंत्र कधी बंदच पडत नाही, किंवा पडले तर तासाभरात माणूस हजर होतो, त्यांच्या विषयपत्रिकेवर चाळीसगावची धूळ, खानदेशातील पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि विजेच्या दाबाचे चढउतार कसे यावेत? वातानुकूलित खोलीसाठी घडविलेले यंत्र या हवेत का दम तोडते, याचे ज्ञान तालुक्यातील तंत्रज्ञापाशी असते. पण त्याला परिषदेचे निमंत्रण नसते.

जयपूर फूटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्यातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो पाय घडला. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या भारतीय माणसाच्या गरजा त्यात ध्यानी घेतल्या होत्या. पदवी नसलेल्या शर्मांना आजच्या एखाद्या व्यावसायिक संस्थेचे पूर्ण सभासदत्व मिळाले असते काय, हा प्रश्न त्या संस्थांनी स्वतःला विचारून पाहावा.

एकाच धंद्यातील माणसे जमली की बोलणे बहुधा जनतेच्या खिशाकडे वळते, अशी भीती अॅडम स्मिथने १७७६ मध्ये व्यक्त केली होती. ती अनाठायी नाही. परवाना आणि प्रमाणपत्र यांच्या आडून संख्या मर्यादित ठेवणे व मेहनताना वाढविणे हे अनेक व्यवसायांनी केले आहे. उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांच्या देणग्यांवर परिषदा भरू लागल्या, तर संस्थेच्या निःपक्षपाती मताचे मोलही उतरते. म्हणून अशा संघटनेला अधिकार देताना तिचे हिशेब उघडे असावेत, कार्यकारिणीत तंत्रज्ञ, परिचारिका आणि रुग्णांचे प्रतिनिधी असावेत, आणि निवडणुका ठरल्या मुदतीत व्हाव्यात, या अटी आवश्यक ठरतात.

जिल्ह्यात काय करता येईल?

चाळीसगाव तालुक्याला संस्थेचे मोल वेगळे सांगावयास नको. जवळच पाटणच्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने यादवांच्या काळात, तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केल्याची हकिगत त्यात कोरलेली आहे. या लेखाकडे एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे लक्ष वेधले ते मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि ते व्यवसायाने वैद्य होते. आजोबांची कीर्ती कितीही मोठी असली तरी शिकणारे आणि शिकविणारे यांची सोय केल्यावाचून ज्ञान टिकत नाही, हे चांगदेवाने ओळखले होते.

धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनेही आहेत. जैवअभियांत्रिकीच्या एखाद्या संस्थेने त्यांच्या आधाराने खानदेशची शाखा काढावी, यात अशक्य असे काही नाही. त्या शाखेने तालुक्यातील तंत्रज्ञांना सहयोगी सभासद करून घ्यावे आणि दर तीन महिन्यांनी सरकारी रुग्णालयांतील यंत्रांची तपासणी करून नादुरुस्त यंत्रांची यादी जाहीर करावी. सुट्या भागांच्या किमती कोणालाही पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध कराव्यात. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना २०१५ पासून अस्तित्वात आहे. तिच्याकडे तालुक्यातील नोंदी नियमाने पोहोचविण्याचे कामही ही शाखा करू शकेल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

एवढे सारे करूनही शासनाची जबाबदारी संपणार नाही. वेतन, पदे आणि देखभालीचा निधी त्यालाच द्यावा लागेल. परंतु मागणी करण्यासाठीही माहिती लागते. तालुक्यात किती यंत्रे आहेत, त्यांतील किती बंद आहेत आणि ती किती दिवसांपासून बंद आहेत, हे ज्या नागरिकाला ठाऊक नाही त्याची तक्रार हवेत विरते. जैवअभियंत्यांच्या संघटनेने आपल्या पुढच्या वार्षिक अहवालात सन्मानितांच्या नावांबरोबर या यादीलाही चार पाने द्यावीत.