कट झालेला कॉल कुणाच्या हिशेबात?

माझे धाकटे दीर कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत. खटाव, आटपाडी, विटा या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या या कामापायी देशभर पांगली आहेत. पौषात यमाईच्या यात्रेला किंवा घरात लग्नकार्य असेल तेव्हा ही माणसं गावी येतात. बाकी वर्षभर नातं टिकतं ते फोनवर.

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, ऐकायलाही कमी येतं. दिरांचा फोन आला की "आई, जेवलीस का?" इथवर सगळं ठीक असतं. मग आवाज तुटायला लागतो, शब्दाचं अर्धं टोक येतं आणि नंतर काहीच येत नाही. त्या फोन कानाला घट्ट दाबून "आरं बोल की, बाळा, बोल की" म्हणत बसतात. शेवटी मीच त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद करते. "रागावला का गं त्यो?" हा प्रश्न त्यानंतर ठरलेला. आईला मुलाच्या मनाबद्दल अशी शंका यावी आणि तिचं कारण नेटवर्क असावं, याचा मला मनापासून संताप येतो.

फोन जुना झालाय, असं दुकानातल्या मुलानं सांगितलं. "वहिनी, फाईव्हजी घ्या, प्रॉब्लेमच मिटेल." आल्याच्या पिकाचे पैसे आले होते, यजमानांनी नवा फोन आणला. माजघरात त्याचीही तीच गत. कंपनीला विचारलं तर "तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित दिसतंय, हँडसेट तपासून घ्या." हँडसेट तपासायला नेला तर "फोन ओके आहे, नेटवर्कचं बघा." तोच फोन घेऊन आमच्या औंधच्या डोंगरावर संग्रहालयापाशी गेलं की बोलणं अगदी स्वच्छ. मग बिघाड कुठे आहे?

इथे थोडं समजून घ्यायला हवं, कारण न समजल्यामुळेच लोक फोनवर फोन बदलत आहेत. लहरींची वारंवारिता जितकी जास्त, तितक्या त्या भिंतीत लवकर अडकतात. जुन्या बटणाच्या फोनचा टूजी बहुतेक 900 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो लांब जातो, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतो. फाईव्हजीचा मोठा भाग 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. त्याला वेग आहे, पण आमच्या जुन्या घरांच्या हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि वरचा पत्रा त्याला पेलत नाहीत. नवा फोन फाईव्हजी सापडतंय का हे बघत राहतो, सापडलं तर सुटतं, मग फोरजीवर येतो आणि या ये-जा करण्यात चालू बोलणं तुटू शकतं. सिग्नल क्षीण असला की फोन स्वतः जास्त जोर लावतो, म्हणून तो तापतो आणि चार्जिंगही भराभर उतरतं.

पडद्यावरच्या दांड्यांवरही विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे ज्याची ती कंपनी ठरवते. 2010 साली आयफोन 4 बद्दल तक्रारी आल्या तेव्हा अ‍ॅपलनं स्वतःच कबूल केलं की त्यांचं सूत्र चुकीचं होतं आणि कित्येकदा दोन दांड्या जास्तच दिसत होत्या. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत खरा आकडा सापडतो. तो उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 115 कडे गेला की बोलणं कठीण. आमच्या माजघरात तो उणे 115 च्या पलीकडे असतो. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करावं. नसेल तर फोरजीवरच फोन ठेवून बघावा, काही घरांत तेवढ्यानं फरक पडतो. नवा फोन घेण्याआधी एवढं तरी करावं.

पण माझं खरं म्हणणं मोजमापाबद्दल आहे. सासूबाईंचा तो मुका झालेला कॉल मी हातानं बंद केला, म्हणजे कंपनीच्या नोंदीत तो ग्राहकानं नीट संपवलेला कॉल ठरला. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार कॉल ड्रॉप म्हणजे ग्राहकानं संपवण्याआधी नेटवर्कमुळे तुटलेला कॉल. म्हणजे "हॅलो, हॅलो" करून कंटाळून आपण लाल बटण दाबतो, ते सारे त्रास या आकड्याबाहेरच राहतात.

जे कॉल मोजले जातात त्यांचाही हिशेब सर्कलवार होतो. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पुणे, नागपूर, पणजीच्या गर्दीत औंधचे तुटलेले कॉल दिसणार कसे? ट्रायनं 2017 मध्ये सरासरीवरचा भर काढून नवा निकष आणला: टॉवरच्या नव्वद टक्के सेलमध्ये, नव्वद टक्के दिवस, कॉल ड्रॉपचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं. सुधारणा होतीच ती. पण उरलेल्या दहा टक्क्यांत कोण येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. 2024 च्या नियमांनी मोजमाप तिमाहीऐवजी टप्प्याटप्प्यानं महिन्यावर आणलं आणि कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर व्याप्तीचे नकाशे टाकायला लावले. त्या नकाशावर रंग भरलेला असला तरी घराच्या आत काय चालतं ते त्यातून कळत नाही.

भरपाईचा प्रयत्न एकदा झाला होता. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायनं ऑक्टोबर 2015 मध्ये केला. 1 जानेवारी 2016 पासून तो लागू व्हायचा होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो मनमानी आणि अवाजवी ठरवून रद्द केला. रुपयाचं मला काही वाटत नाही. पण त्या रुपयासाठी प्रत्येक तुटलेला कॉल त्या त्या ग्राहकाच्या नावावर लिहावा लागला असता, ती नोंद हातची गेली.

आणि हे फक्त बोलण्यापुरतं नाही. बँकेचा ओटीपी वेळेत येत नाही, ई-केवायसीला सेवा केंद्रात ताटकळावं लागतं, पीक पाहणी अपलोड होता होत नाही. सरकारनं सगळा कारभार फोनवर आणला, तर तो फोन लागतो की नाही हे गाववार बघणं सरकारचंच काम आहे.

हे मी औंधमध्ये राहून लिहिते, याला कारण आहे. औंध संस्थान म्हणजे औंध, कुंडल, आटपाडी, गुणदाळ असे विखुरलेले तुकडे, अवघी 72 गावं. 1939 साली संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना दिली आणि कारभाराचा पाया गावाची पंचायत ठरवली. तेव्हा ना धड रस्ते होते ना फोन, तरी गाव हे मोजायचं माप धरता आलं. आज प्रत्येक टॉवरची मिनिटामिनिटाची नोंद कंपनीच्या संगणकात असताना ग्रामपंचायतीला तिच्या हद्दीतले आकडे देणं अवघड नाही. महिन्याला किती कॉल तुटले, किती वीस-तीस सेकंदांत बंद होऊन लगेच पुन्हा लावले गेले, वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तगला. पुन्हा लावलेल्या कॉलचा आकडा मिळाला तर आमच्या माजघरातले कॉलही दिसतील.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक वही केली आहे. तारीख, वेळ, घरातली खोली, कुणाचं सिम, आकडा उणे किती. बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं पान भरून आणायचं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ही वही ठेवून आम्ही ठराव मागणार आहोत: सगळ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींना पुढच्या सभेला बोलवावं, आणि त्यांनी औंधच्या टॉवरचे आकडे कागदावर घेऊन यावं.