जुन्या तुळईची वीणा

हरिनाम सप्ताहात वीणा अहोरात्र भूमीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तीच वीणा दांडी तडकताच देवळाच्या अडगळीत पडावी, हे आम्हांस रुचत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. तेथेही भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. लाकूड तर आपल्या दाराशीच आहे. आमच्या कुंभार पिंपळगावाकडे जुनी माळवदे उतरली की सागाच्या तुळया वखारीत नाहीतर चुलीत जातात. वास्तविक असे लाकूड पुरते वाळलेले, म्हणून सहसा पिळत नाही. (किडीची पारख मात्र सुताराकडून करून घ्यावी.) आषाढीपूर्वी एखादी तुळई दांडीसाठी राखावी आणि भोपळा शाबूत असल्यास तोच तीस जोडावा, असे आम्ही सुचवितो.