बेस्टच्या भाड्याच्या गाड्या
सेवा कोठारात साठवता येत नाही. सकाळी आठला न आलेली बस दुपारी आणून प्रवाशाच्या पदरात घालता येत नाही. म्हणून गाडी, आगार, चालक व वेळापत्रक यांचा मेळ एकाच हाती असावा लागतो. मुंबईत बेस्टने २०१९ पासून भाड्याच्या गाड्या घेताना नेमका हाच मेळ मोडला. मार्ग बेस्टचा, वेळापत्रक बेस्टचे. गाडी व चालक मात्र कंत्राटदाराचे, आणि मोबदला किलोमीटरवर! ऑगस्ट २०२३ मध्ये वेतनवाढीसाठी या चालकांनी काम थांबवले, तेव्हा कागदोपत्री ते बेस्टचे नोकरच नव्हते. थांब्यावरचा रोष मात्र बेस्टच्याच वाट्याला आला. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. हा वाढीव पैसा स्वतःच्या गाड्यांत जाणार की कंत्राटांत, हे महापालिकेने सांगावे.