रोज एक पान

चित्रकला हा फावल्या वेळेचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. गणित रोज सोडवावे लागते, व्याकरण रोज घोकावे लागते. चित्र मात्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी काढले तरी चालते, आणि तेही एखाद्या छापील चित्रावरून उतरविले तरी चालते, असे पुष्कळांना वाटते. मला ही समजूत चुकीची वाटते. निसर्गातील एखादी वस्तू समोर ठेवून रोज थोडे चित्र काढणे, ही प्रत्येक विद्यार्थ्याची नित्याची सवय व्हावी, असे माझे मत आहे.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर, अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे गेलेला मनुष्य प्रथम बोधिसत्त्वांच्या भव्य आकृतींपुढे थबकतो. परंतु त्याने तेथील लहानसहान चित्रेही अवश्य पाहावीत. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांतून जाणारा हत्ती आहे. दुसऱ्या लेण्यात हंसांची एक रांग आहे. तीत एका हंसाची ढब दुसऱ्यासारखी नाही. ज्याने हंस एकदाच पाहिला, तो एकच हंस पुनःपुन्हा काढील. इतके निरनिराळे हंस ज्याच्या कुंचल्यातून उतरले, त्याने पाणवठ्याकाठी किती वेळ घालविला असेल! त्याचे बहुतेक रंगही भूमीनेच दिलेले होते. गेरू, पिवळी माती, हिरवट दगडाची पूड, चुना आणि दिव्याची काजळी, एवढीच त्याची मुख्य सामग्री.

येथे कोणी विचारील, "आम्ही सर्वच काही चित्रकार होणार नाही, मग हा वेळ का दवडावा?" या आक्षेपाचे उत्तर कडुनिंबाचे एक पान देईल. कडुनिंब आपण जन्मापासून पाहतो. परंतु त्याचे एक लहान पान कागदावर काढू लागलो, म्हणजे प्रथमच ध्यानात येते, की त्याच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि पान कोयत्यासारखे किंचित वाकलेले आहे. डोळ्यांना जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते पेन्सिलीने पाव तासात दाखविले. असे पाहावयास शिकलेला डोळा पुढे वैद्याला, शेतकऱ्याला, सुताराला, सर्वांनाच उपयोगी पडतो.

नक्कल करून काहीच साधत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पुढे त्यांपैकी पुष्कळ प्रतिकृती लंडनमधील आगीत जळाल्या. पण त्या भिंतींसमोर बसून जी नजर तयार झाली, ती आगीला जाळता आली नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. थोरांच्या चित्रावरून हात वळतो हे खरे. परंतु त्या थोरांनी स्वतः जिकडे पाहिले, तिकडे आपणही पाहिले पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे.

चित्र चांगले साधत नाही, म्हणून पुष्कळ मुले ते सोडून देतात. त्यांनी दारापुढची रांगोळी पाहावी. कमळ, वेल, गोपद्म सकाळी रेखाटले जाते आणि सायंकाळपर्यंत पुसून जाते. म्हणून आई कष्टी होत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंगण सारवते, पुन्हा रांगोळी हाती घेते, आणि तिची रेघ वर्षागणिक अधिक सफाईदार होत जाते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी अंगणात पडलेले एक पान उचला. ते वहीच्या एका पानावर काढा, आणि खाली तारीख लिहा. वर्षाच्या शेवटी ती वही उघडून पाहा. त्या वहीत झाडे तर भेटतीलच. पण आपली दृष्टी दिवसेंदिवस कशी वाढत गेली, हेही तुम्हांला तेथे वाचावयास मिळेल.