विश्लेषण : प्रौढांमधील ‘एडीएचडी’चे निदान इतके महाग आणि अवघड का?

खात्यात पैसे असूनही वीजबिल दंडासह भरावे लागते. काम अगदी गळ्याशी आल्याशिवाय हात चालत नाही. समोरचा बोलत असतो आणि आपले लक्ष भलतीकडेच असते. ‘मला एडीएचडी तर नाही ना?’ हा प्रश्न तिशी-चाळिशीतले अनेक जण आता उघडपणे विचारू लागले आहेत. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तर मिळवायला मात्र बरेच पडतात आणि वेळही जातो. यातला बराचसा खर्च व्यवस्थेतल्या उणिवांचा आहे.

हा लहान मुलांचा विकार नाही का?

एडीएचडी म्हणजे अवधानातील उणीव आणि अतिचंचलतेचा विकार. तो मेंदूच्या विकासाशी संबंधित आहे आणि त्याची सुरुवात बालपणातच होते. वयात येताना तो आपोआप सुटतो, असा समज अनेक वर्षे होता. प्रत्यक्षात धावपळ, उड्या मारणे कमी होते. विस्मरण, चालढकल, वेळेचा अंदाज न येणे, आतली अस्वस्थता ही लक्षणे अनेकांत टिकून राहतात. प्रौढांमधील प्रमाण साधारण अडीच टक्के मानले जाते. आज चाळिशीत असलेल्यांच्या शाळेत हा शब्दच कोणाच्या तोंडी नव्हता. एका वर्गात साठ मुले. त्यात जो दंगा करी तो ‘वांड’ आणि जी खिडकीबाहेर बघत बसे ती ‘स्वप्नाळू’. दंगा न करणाऱ्या मुलींकडे तर कोणाचे लक्षच गेले नाही, त्यामुळे मोठेपणी निदानासाठी येणाऱ्यांत बायकांची संख्या लक्षणीय असते.

निदान होते कसे?

रक्ततपासणी, ईईजी, एमआरआय यांपैकी कशानेही एडीएचडीचे निदान होत नाही. ‘मेंदूचा आलेख काढून एडीएचडी सांगतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तिथून निघालेले बरे. निदान होते ते तज्ज्ञाशी झालेल्या सविस्तर संभाषणातून. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार, अवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ अशी लक्षणे आहेत. प्रौढांत त्यांपैकी निदान एका गटातली किमान पाच हवीत. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, आणि ती घर, नोकरी, नातेसंबंध अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. शिवाय थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, चिंता, व्यसन यांमुळेही लक्ष उडते. ते वेगळे काढावे लागते.

बाराव्या वर्षाआधीचा पुरावा हीच अनेकांची अडचण. शाळेची प्रगतिपुस्तके केव्हाच रद्दीत गेलेली असतात. आईवडिलांना विचारावे, तर ‘काही नाही, सगळीच मुलं तशी असतात, तुझे बाबाही असेच होते’ असे उत्तर येते. (हा विकार अनेकदा आनुवंशिक असतो, त्यामुळे या उत्तरातच खरे तर महत्त्वाची माहिती दडलेली असते.) काहींना तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असल्याचेच घरी सांगायचे नसते.

मग पैसे कशाचे लागतात?

तज्ज्ञाच्या वेळेचे. नीट मुलाखतीला तास-दीड तास लागतो, कधी दोन-तीन भेटी. मोठ्या शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट हजार-दीड हजारांपासून पुढे असते. त्यावर अनेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचण्यांचा संच सांगितला जातो. त्याचे शुल्क काही हजारांपासून पाच आकड्यांपर्यंत जाते. बुद्ध्यांक किंवा स्मरणशक्तीच्या चाचण्या काही रुग्णांत उपयोगी पडतात, पण प्रत्येकाला त्या लागतातच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सहा प्रश्नांची चाळणी प्रश्नावली तर मोफत आहे. तिच्यावरून निदान होत नाही. पुढे जावे की नाही एवढे समजते. तरीही हा सगळा मामला ‘पॅकेज’ म्हणून विकला जातो आणि छापील अहवाल जेवढा जाड, तेवढे निदान पक्के असा समज रुग्णही करून घेतो.

सरकारी रुग्णालयांत सोय नाही?

आहे आणि नाही. पालिकेच्या आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, शुल्क नाममात्र आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. पण देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात स्किझोफ्रेनिया, आत्महत्येचा प्रयत्न, दारूचे व्यसन असे रुग्ण रांगेत असताना ‘माझे लक्ष लागत नाही’ म्हणणाऱ्याला दीड तास कोण देणार? डॉक्टरांचा प्राधान्यक्रम चुकीचा म्हणता येत नाही.

लहान मुलांसाठी मात्र वेगळा रस्ता काढता आला. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र केंद्र आहे, कारण त्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते. कागदाला किंमत आली की व्यवस्था उभी राहते. प्रौढाच्या एडीएचडीच्या कागदाला अशी किंमत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.

विम्यातून खर्च निघत नाही?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे. कागदावर हे उत्तम आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि एडीएचडीसाठी सहसा कोणी दाखल होत नाही. बाह्यरुग्ण खर्चाचे कलम पॉलिसीत नसेल, तर समान वागणुकीचा हक्क असूनही हाती काही पडत नाही.

निदान झाले की सुटका?

नाही, दुसरी फेरी सुरू होते. मिथाइलफेनिडेट या प्रमुख औषधाचा समावेश ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याने दोन वर्षे जपून ठेवायची असते. एवढी कटकट कोण करणार, म्हणून बरीच दुकाने ते ठेवतच नाहीत. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेड्यूल एक्समधील औषध दूरध्वनी वा व्हिडीओ भेटीवर लिहून देता येत नाही. म्हणजे गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाला तज्ज्ञ मोबाइलवर भेटला, तरी हे औषध हवे तर शहर गाठावे लागते. ॲटोमोक्सेटिनसारखा दुसरा पर्याय आहे, पण तो सर्वांना लागू पडतोच असे नाही.

औषधाचा गैरवापर होऊ शकतो, नियम हवेतच. पण या साऱ्या वाटेकडे रुग्णाच्या बाजूने पाहा. भेटीची वेळ लक्षात ठेवा, अर्ज भरा, जुने कागद शोधा, महिन्याला नवी चिठ्ठी आणा, ती हरवू नका. ज्याला हे जमत नाही म्हणून तो आला आहे, त्याच्याकडून नेमके हेच मागितले जाते. अर्ध्यावर सोडणाऱ्यांना ‘गरजच नसेल’ म्हणणे अन्यायाचे आहे.

‘रील’ पाहून सगळ्यांनाच एडीएचडी?

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. विसरभोळेपणाच्या प्रत्येक विनोदाखाली एडीएचडीचे लेबल लागते आणि त्यावर ‘ऑनलाइन चाचणी’ विकणारेही आहेत. पण योग्य निदान हजारोंच्या घरात आणि रील फुकट असेल, तर लोक रीलकडेच जाणार. ज्याला एडीएचडी नाही त्याला तसे ठामपणे सांगणे, त्याच्या नैराश्यावर किंवा झोपेवर उपचार करणे, हेही त्याच तास-दीड तासाच्या मुलाखतीतून होते. वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दुपार प्रौढांच्या एडीएचडीसाठी राखून ठेवली, मुलाखतीचा प्राथमिक भाग प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांनी घेतला आणि डॉक्टरांनी शेवटचा निर्णय दिला, तर नवी इमारत लागणार नाही, नवे यंत्रही नाही. स्थिर झालेल्या रुग्णांना औषध पुढे चालू ठेवण्यासाठी जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी मिळावी, एवढी व्यवस्था त्याला जोडायला हवी.

तोवर काय करावे?

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करावी. कुठे जावे हेच कळत नसेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. खासगीत जाणार असाल तर चाचण्यांचे पैसे भरण्याआधी ‘या चाचणीने निदानात काय फरक पडेल?’ असे विचारावे, आणि चाचणी घेणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहावे. जाताना लहानपणापासूनचे पाच-सहा ठळक प्रसंग मोबाइलमध्ये लिहून न्यावेत, कारण ऐनवेळी नेमके तेच आठवत नाहीत. शक्य असल्यास आई, मोठी बहीण किंवा लहानपणी पाहिलेले कोणी सोबत न्यावे. आणि चिठ्ठी हाती पडताच तिचा फोटो काढून ठेवावा. औषध घ्यायला मात्र मूळ कागदच लागतो.